बोरथडीची नाव विचारणारी पेठ

बोरथडीच्या पेठेत वस्तूचा भाव विचारला, की दुकानदार आधी तुमचं नाव विचारतो. नाव सांगितलं तरी भाव सांगत नाही. तुमच्या तोंडाकडं बघत बसतो. तुम्ही उलट त्याचं नाव विचारेपर्यंत तो तसाच बसणार, मग संध्याकाळ झाली तरी बेहत्तर. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं दुकानदार एक तर खुळा आहे, नाहीतर शिष्ट. मघाशी तुम्ही त्या विळ्या-खुरप्यांच्या दुकानापुढं पाय आपटत उभे होतात ते त्यामुळंच. मी इथून बघत होतो. जरा हसूही आलं, राग मानू नका.

या, सावलीत बसा. त्या सुंभाच्या गुंडाळ्यावर बसलात तरी चालेल. माझं नाव लिंबाजी. दोर वळायचा धंदा, आजोबापासूनचा. आता तुमची नावं सांगा. हां, आता कसं बरं वाटलं. पाणी घ्या आधी.

पेठ म्हणाल तर ही एवढीच. वेशीपासून निघते आणि दुधना नदीच्या घाटावर संपते. सोमवारी इथं पाय ठेवायला जागा नसते. माठ, घोंगड्या, मीठ, गूळ, वाळल्या मिरच्या, बैलांचे कासरे, काय हवं ते मिळतं. बाकीच्या वारी दुकानांच्या पायऱ्यांवर कुत्री झोपलेली असतात आणि आम्ही दुकानदार एकमेकांचे चेहरे बघतो. पण पूर्वी असं नव्हतं म्हणे. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटली की अख्खा बाजार पात्रात उतरायचा, वाळूवर. अलीकडच्या थडीची माणसं अलीकडून यायची, पलीकडची पलीकडून, आणि मधे पाल ठोकून दुकानं बसायची. ही गोष्ट त्या काळातली. राज्य कुणाचं होतं ते मला विचारू नका. माझ्या आजोबाला त्याच्या आजीनं सांगितलेली आहे, आणि तिलाही राज्याशी काही देणंघेणं नव्हतं.

त्या बाजारात एक कासारीण यायची, असं सांगतात. डोक्यावर टोपलं, टोपल्यात काकणांच्या माळा. ती इथली नव्हती. पल्याडच्या थडीवर कुठंतरी झोपडं करून राहायची, एकटीच. बाजारात बसायच्या जागा घराण्यांनी धरलेल्या. तेल्यांची जागा, साळ्यांची जागा, आमच्या दोरवाल्यांची जागा. उपऱ्या बाईला त्यात कोण घेणार? ती आपली सगळ्यांच्या शेवटी, पात्राच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा होता त्याच्यावर बसायची. दांडा म्हणायचे त्याला. पावसाळ्यात त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी वाहायचं.

तिचं स्वतःचं मनगट मोकळं होतं. तेवढ्यावरून लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. विचारलं कुणी नाही. गावातल्या थोरल्या बाया तिच्याकडं जायच्या नाहीत. पण पोरी चोरून जायच्या, कारण तिचा हात फार हलका होता. काकण भरताना हाताची हाडं दाबून पंजा बारीक करावा लागतो, ते ज्याला जमत नाही तो रक्त काढतो. गावचा कासार रक्त काढायचा. ही काढायची नाही. पोरीचा हात मांडीवर घ्यायची, बोटं चोळत बसायची, आणि विचारायची, "काय नाव माय तुझं?" पोर नाव सांगायची. मग ही त्या नावानं बोलत राहायची. तुझी आई कोण, म्हैस व्याली का, सासर कुठलं बघितलंय. बोलता बोलता काकण चढलेलं असायचं. एकदा ऐकलेलं नाव ती विसरत नव्हती म्हणे. वर्षानं गेलं तरी लांबूनच हाक मारायची.

राणोजी तेल्याची एक लेक होती, सुंद्रा. घाण्यावर राबून हाडापेरानं दांडगी झालेली, पंजा हा एवढा रुंद. तिचं लग्न ठरलं होतं. लग्नाचा चुडा गावचा कासार घरी येऊन भरणार होता, आणि त्या भीतीनं पोरीची झोप उडाली होती. मैत्रिणींनी सांगितलं, तू दांड्यावर जा, तिच्याकडं भरून घे. आईनं विचारलं तर सांग भरला म्हणून. हिरवा चुडा तो, कुणी भरला हे काय त्याच्यावर लिहिलेलं असतं? तर सोमवारी, ऊन कलल्यावर, सुंद्रा मीठ आणायचं निमित्त करून दांड्यावर जाऊन बसली.

आता त्या काळच्या बाजाराची एक रीत होती, ती सांगायला हवी. पात्रातला बाजार म्हणजे जिवाशी खेळ. इथं आभाळ निरभ्र असतं आणि वर डोंगरात कुठं वळीव कोसळलेला असतो. पाणी येतं ते सांगून येत नाही. म्हणून वरच्या वळणावर एक माणूस हलगी घेऊन बसवलेला असायचा. हलगी वाजली की ज्यानं त्यानं आपला माल उचलायचा आणि घाट चढायचा. वर आल्यावर प्रत्येक दुकानाच्या कारभाऱ्यानं आपल्या माणसांना नावानं हाक मारायची. तेली आपल्या माणसांना, साळी आपल्या. ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची. सगळ्या दुकानांनी सांगितलं, आमचे आले, की पाटील म्हणायचा, बाजार आला. रीत मोठी चांगली होती. गावाला तिचा अभिमान होता.

त्या दिवशी हलगी वाजली तेव्हा सुंद्राचा डावा हात भरून झाला होता. उजवा हात कासारणीच्या मांडीवर होता. कासारणीचा एक नेम असतो, भरायला घेतलेला हात अर्धा सोडायचा नाही. एक हात भरलेला आणि एक मोकळा, हे नवऱ्या मुलीला चांगलं नाही. तिनं एकदा हाताकडं बघितलं, एकदा पाण्याच्या वळणाकडं बघितलं, आणि सुंद्राला उठवून पुढं ढकललं. म्हणाली, "पळ, सुंद्रा. दुसरा वर आल्यावर भरते."

सुंद्रा पळाली. कासारीण मागं राहिली, कारण काच आहे ती. मिठाचं पोतं खांद्यावर टाकून धावता येतं, तेलाचा बुधला काखेत मारता येतो. काकणं माळेत ओवावी लागतात, माळा पेंढ्यात बसवाव्या लागतात. तेवढंच तर होतं तिच्याजवळ. तिला वाटलं असेल, होईल तेवढ्यात. आणि वाटण्यात तिचं चुकलं असंही नाही. इतर वेळी पाणी आधी पायाला लागतं, मग घोट्याला, मग गुडघ्याला. त्या दिवशी एकदमच आलं म्हणे.

घाटावर हाका झाल्या. तेल्यानं आपली माणसं बोलावली, साळ्यानं बोलावली, माझ्या खापरपणज्यानं आपली बोलावली असणार. सगळ्यांनी ओ दिली. पलीकडच्या थडीवरही तशाच हाका झाल्या, तिकडचेही सगळे आले. पाटील म्हणाला, बाजार आला. एवढं पाणी येऊन एक माणूस गेलं नाही म्हणून गाव हरखलं. कुणीतरी गुळाची ढेप फोडली. घाटाच्या पायऱ्यांवर बसून लोक गूळ खात होते, आणि ती तिकडं दांड्यावर उभी होती. दिसत नव्हती असं नाही, पण दिसायला बघावं लागतं. अलीकडच्यांना वाटलं ती पल्याड राहते, पल्याड गेली असेल. पलीकडच्यांना वाटलं बाजार अल्याडचा, अल्याड चढली असेल. ती कुठल्याच दुकानाची नव्हती, म्हणून तिला हाक मारायचं काम कुणाचंच नव्हतं.

सुंद्राच्या आईनं लेकीच्या हातावर गूळ ठेवला आणि ती तिथंच थबकली. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवी काकणं, आणि उजवा हात भुंडा. आईनं दंड धरून विचारलं, "हे कुणी केलं? कुणी हात अर्धा सोडला तुझा?"

सुंद्रा म्हणाली, "कासारणीनं. ती वर आल्यावर भरणार हाय."

"मग कुठंय ती?"

सुंद्रानं इकडं तिकडं बघितलं. मग तिनं नदीकडं बघितलं, आणि गूळ तसाच हातातून पडला.

पुढचं सांगताना माझा आजोबा थांबायचा, तपकीर ओढायचा. मी तपकीर ओढत नाही, पण तुम्ही जरा थांबा.

दांड्याच्या दोन्ही अंगांनी पाणी होतं. दांडा अजून होता, पण बारीक होत चालला होता. ती टोपलं डोक्यावर घेऊन उभी होती. भोयांनी सांगड घातली पाण्यात, वाळल्या भोपळ्यांची. धारेनं ती उचलली आणि खालच्या अंगाला काठावर आणून आपटली. पुन्हा घातली, पुन्हा तेच झालं. माणसं कमी पडली नाहीत, हे मला सांगायलाच हवं. भोयांच्या अंगाची सालटी निघाली. पण ते पाणी माणसाला आत घेत नव्हतं.

वारा पलीकडून अलीकडं होता. त्यामुळं तिचा शब्द न् शब्द घाटावर ऐकू येत होता, आणि घाटावरचा एकही शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ती हाका मारत होती. वाचवा म्हणून नाही, नावानं मारत होती. सुंद्रा. भागीरथी. साळ्याची कोंडू. थोरली मैना, धाकटी मैना. ज्या ज्या पोरीचा हात तिनं कधी मांडीवर घेतला होता, तिचं तिचं नाव. आणि घाटावर त्या त्या बाईच्या तोंडून ओ निघत होती. काही बाया तर आता आज्या झालेल्या, चोरून गेलेल्या त्याला कितीतरी वर्षं लोटलेली. सगळ्यांदेखत ओ दिली त्यांनी. ओ द्यायच्या आणि रडायच्या. पण तिला ते ऐकू येत नव्हतं. तिला वाटत असणार, आपण एवढ्या नावांनी हाका मारल्या आणि एकीनंही ओ दिली नाही.

पाटील म्हणाला, सगळ्यांनी मिळून एकदम हाक मारू. गाव एका गळ्यानं ओरडलं तर वाऱ्याला कापून जाईल. सगळे पायरीवर उभे राहिले, छातीत श्वास भरला. आणि मग एकानं दुसऱ्याकडं बघितलं. हाक काय मारायची? तिचं नाव काय?

कुणाला ठाऊक नव्हतं. अख्ख्या घाटावर एका माणसाला ठाऊक नव्हतं. सुंद्रा तर हलगी वाजेपर्यंत तिच्या मांडीवर हात ठेवून बसली होती. तिनं सुंद्राला नाव विचारलं होतं. सुंद्रानं उलट विचारलं नव्हतं. अहो, विचारतं कोण? तुम्ही मघाशी विळा घेताना विचारलंत? नाही ना. मग तिला तरी काय बोलायचं.

शेवटी "कासारीण, कासारीण" म्हणूनच ओरडले, ज्याला जसं सुचेल तसं. ते काही पोचलं नाही. मग कुणीतरी बाईनं हात वर केला. तिचं बघून दुसरीनं केला. उतरतं ऊन घाटावर पडलं होतं, त्यात सगळ्यांच्या हातातली काकणं चमकली. आपल्या हातची काकणं कासारीण लांबूनही ओळखते. तिच्या हाका थांबल्या. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि आपले दोन्ही हात वर केले, मोकळेच. ती हसली, असं काही जण सांगतात. मला पटत नाही. एवढ्या लांबून कुणाचं हसू दिसतं? ते मागाहून कुणीतरी मनाला बरं वाटावं म्हणून घातलेलं आहे. हात वर केले एवढं खरं. मग दांडा गेला.

पाणी ओसरल्यावर शोधलं. ती सापडली नाही, टोपलंही सापडलं नाही. पाटलानं भटजी बोलावला, म्हणाला, तिला पाणी तरी सोडू. भटजी पात्रात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि विचारलं, कुणाच्या नावानं सोडू? भटजी भला माणूस होता असं सांगतात. पण तो तरी काय करणार, नावावाचून पाणी कुणाला पोचायचं? ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं आणि तो रिकाम्या हातानं वर आला.

सुंद्रानं तिथंच सांगितलं, हिचं नाव कळेपर्यंत मी दुसरा हात भरणार नाही. बापानं समजावलं, आईनं पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. सासरकडच्यांनी वाट बघितली, मग त्यांनी दुसरी सोयरीक पाहिली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. सुंद्रा एका हातात चुडा घालून बापाच्या तेलाच्या दुकानावर बसली, घाटाला लागून आहे तेच दुकान, आणि आल्यागेल्याला विचारायला लागली. तुमचं नाव काय? गाव कुठलं? मी सुंद्रा. तुमच्याकडची कुणी कासारीण बाहेर पडलेली आहे का, एकटी, हलक्या हाताची?

तिला वाटलं होतं, आज ना उद्या कुणीतरी सांगेल, होय, आमचीच. पण झालं भलतंच. एक जण म्हणाला, कासारीण नाही, पण आमची आत्या बाजाराला म्हणून गेली ती आलीच नाही. एका म्हातारीनं आपल्या जावेचं नाव सांगितलं, मडकी घेऊन गेली होती. कुणाची बहीण सासरहून माहेरी यायला निघालेली, मधेच कुठं राहिली. कुणाची भावजय भांडून गेलेली. आणि काकणं विकणारीही एक नव्हे, बऱ्याच निघाल्या. जो तो इकडं तिकडं बघायचा, आवाज उतरवायचा, आणि इतकी वर्षं घरात न काढलेलं नाव तिच्यापाशी काढायचा. एका बाईला शोधायला बसली, तर गावोगावच्या बाया हरवलेल्या निघाल्या. त्यांतली आपली कुठली, हे कळायला काही मार्ग नव्हता.

सुंद्रा म्हातारी झाली. तिचं बघून शेजारचे दुकानदार नाव विचारू लागले होते, मग सगळी पेठ विचारू लागली. रीत पडते ती अशीच. पण तिच्या हाताचा प्रश्न सुटला नाही. लोक म्हणायचे, म्हातारे, एवढी नावं गोळा झाली, त्यात तिचं असेलच, आता भर हात. ती म्हणायची, असेल, पण कुठलं ते सांगा. सरणावर ठेवली तेव्हासुद्धा उजवा हात मोकळाच होता. लेकरूबाळ नव्हतं. भावाच्या पोरांनी अग्नी दिला आणि सगळे आपापल्या घरी गेले. एकटीच जगली हो ती, भर बाजारात बसून.

मरायच्या आधी तिनं पेठेतल्या बायांना सगळी नावं पाठ करायला लावली होती. ती कुठं लिहून ठेवलेली नाहीत. आईनं लेकीला द्यायची, सासूनं सुनेला. आजही सोमवारी ऊन उतरलं की बाजारातला गलका आपोआप थांबतो, मापं खाली ठेवली जातात, आणि बाया घाटाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून ती नावं घेतात. एकेक नाव घ्यायचं, ओंजळभर पाणी सोडायचं. आता शेवटचं नाव सुंद्राचं असतं. आधीच्या नावांत एखादं तिचं, त्या कासारणीचं, असेल. नसेलही. नसेल तर ती अजून तशीच आहे, तिला कुणी हाक मारलेली नाही. हे मनात आलं की माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही घास गोड लागत नाही.

कुणी नवं नाव आणून दिलं तर आम्ही घेतो. गेल्या उन्हाळ्यात शहरातली एक बाई आली होती, तुमच्यासारखीच, बाजार बघायला. घोंगडी घेतली, मातीची तवली घेतली, माझ्याकडून दोर घेतला, झुल्यासाठी म्हणाली. निघाली होती, तेवढ्यात घाटावर नावं सुरू झाली. ती उभी राहून ऐकत राहिली. सगळं आटोपल्यावर पायऱ्या उतरून नावं घेणाऱ्यांतल्या भोयांच्या आजीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "माझी एक मावशी होती. मला तिनंच वाढवलं. एक दिवस घरातून गेली, मग कुणी तिचा विषय काढला नाही. तिचं नाव घ्याल?"

आजी म्हणाली, "घेऊ की. काय नाव तिचं?"

बाईनं सांगायला तोंड उघडलं. हातातली तवली तिनं पायरीवर ठेवली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा आठवून बघितलं. तिला ते ठाऊकच नव्हतं. जन्मभर मावशीच म्हणत आली होती. आई गेलेली, मामा गेलेला, आता विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं. आजीनं तिला जवळ घेतलं, म्हणाली, "जा बाई, कुणालातरी ठाऊक असंल. विचार आणि परत ये." बाई मान हलवून गेली. अजून आलेली नाही.